पंधरा रुपयांचा सातबारा आणि दोनदा तुडवलेलं जंगल

"म्हाताऱ्याला नीट सांगताच येत नाही, त्याला आम्ही काय करणार?" हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एका दुकानात मी ते ऐकलं. ज्यांच्याबद्दल ते बोललं गेलं, ते आमच्या गावचे काकाजी माझ्या शेजारीच उभे होते.

मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. आमचा धानाचा पट्टा. खरेदी मार्केटिंग फेडरेशनची असो की आदिवासी विकास महामंडळाची, आधारभूत किमतीला धान द्यायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. त्यासाठी सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक. हे इकडे लहान पोरालाही पाठ आहे.

काकाजींना याच नोंदणीसाठी सातबारा हवा होता. त्या आठवड्यात आमच्या गावची लाइन गेली होती, म्हणून ते सायकलने तालुक्याला गेले. मधला रस्ता जंगलाचा. ब्रह्मपुरी वनविभागात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आमच्याकडे माणूस ऊन चढल्यावर निघतो आणि उजेडात परततो. दुकानातल्या पोराने सर्चच्या खिडकीत 'सातबारा' एवढंच टाइप केलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. वरचं ते जाहिरातीचं होतं, कुठल्यातरी खासगी वेबसाइटचं. काकाजींकडून दोनशे रुपये घेतले आणि हातात एक प्रिंट दिली. ती घेऊन ते खरेदी केंद्रावर गेले, तर तिथे उत्तर मिळालं, "हा चालत नाही, डिजिटल सहीचा आणा."

आता यातला अन्याय नीट समजून घ्या. 'महाभूलेख' या सरकारी वेबसाइटवर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो, सरकारी कामाला चालत नाही. कामाला चालतो तो डिजिटल सहीचा, आणि त्याची सरकारी फी १५ रुपये आहे. म्हणजे फुकटच्या कागदाचे दोनशे घेतले, आणि पंधरा रुपयांचा खरा कागद दिलाच नाही. काकाजी ते जंगल पुन्हा सायकलने तुडवून माझ्याकडे आले. "बाई, मी त पैसे देल्लो, मंग कागद खोटा कसा?" एवढंच त्यांनी विचारलं. मी त्यांना घेऊन त्या दुकानात गेले, तेव्हा दोष त्यांच्याच माथी मारला गेला. पैसे परत मिळाले नाहीत. काकाजी बाहेर येऊन मलाच म्हणाले, "जाऊ दे बाई, भांडू नोको." त्यांचं ते समजूतदारपण मला त्या पोराच्या उद्धटपणापेक्षा जास्त लागलं. लुबाडलेल्या माणसानेच का म्हणून पडतं घ्यायचं?

तेव्हापासून मी एक काम हट्टाने करते. ओळखीच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, म्हणजे ग्रामपंचायतीत, शाळेत, वाचनालयात, खऱ्या वेबसाइटचे शॉर्टकट डेस्कटॉपवर लावून देते. क्रोममध्ये खरी वेबसाइट उघडायची, खिडकी थोडी लहान करायची आणि पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह माउसने धरून डेस्कटॉपवर ओढायचं. नाहीतर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, मग न्यू, मग शॉर्टकट, आणि पत्ता टाइप करायचा. नाव मात्र मराठीत द्यायचं. माझ्याकडे 'सातबारा पाहणे फुकट' आणि 'सातबारा सहीचा १५ रुपये' अशी दोन नावं शेजारी-शेजारी आहेत. आलेला माणूस स्क्रीनवर भाव स्वतः वाचतो. ही फाइल अगदी लहान, आत जेमतेम दोन-चार ओळी असतात. त्यामुळे रेंज नसली तरी पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावी नेता येते. कोरची, धानोऱ्याकडे केंद्र चालवणाऱ्या मैत्रिणींना मी तशाच पाठवल्या.

पण सगळं शॉर्टकटवर सोडा, असं आता मी म्हणत नाही. महाभूलेखचा पत्ता मध्यंतरी बदलला आणि जुन्या पत्त्याचे शॉर्टकट निकामी झाले. एका गावात दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर फॉरमॅट केला, डेस्कटॉप कोरा झाला, आणि ऑपरेटर पोरगी पुन्हा सर्चच्या खिडकीवर आली. शॉर्टकट खोट्या जागीही नेऊ शकतो. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की आतला पत्ता दिसतो, पण ते कोणी उघडत नाही. म्हणून हल्ली मी पोरींना आधी पत्ता हाताने टाइप करायला लावते. सुरुवातीचं 'https://' सोडून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत तो वाचायचा आणि तिथला शेवट बघायचा. 'डॉट गव्ह डॉट इन' हा शेवट सरकारी यंत्रणांनाच मिळतो. मधे 'महाभूमी' लिहिलं असेल, वर तिरंगा असेल, पण शेवट 'डॉट कॉम' असेल तर तिथे सातबाऱ्याचे पैसे भरायचे नाहीत. शॉर्टकट त्यानंतर.

मला वाटतं, हे काम माझ्यासारखीवर सोडायचं नाहीच. तलाठी कार्यालयात, खरेदी केंद्रावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खरा पत्ता आणि खरी फी मोठ्या मराठी अक्षरांत रंगवायला किती खर्च येतो? धान खरेदीच्या तारखांचे फलक लागतातच ना? तिथेच दोन ओळी वाढवा.

आणि तुमच्या घरात, दुकानात कॉम्प्युटर असेल तर आज एवढं करा. सातबाऱ्याची खरी वेबसाइट उघडा, पत्त्याचा शेवट तपासा, शॉर्टकट करा आणि नावात फी लिहा. शेजारचं कोणी कागद काढायला आलं, तर स्क्रीन त्याच्याकडे वळवून बसा.