तहकुबीचा अर्ज

वाठार,
कार्तिक वद्य सप्तमी

चि. बाळ यास,

परवा रात्री फोनवर तुझा आवाज ऐकल्यापासून माझे मन स्थिर नाही. सलग पाचव्या गोल्फस्पर्धेत दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी तुझे नाव कटच्या रेषेखाली गेले, तेही अवघ्या एका फटक्याने, ही गोष्ट तू इतक्या सपाट स्वरात सांगितलीस की जणू दुसऱ्याच कोणाच्या दाव्याची हकीकत सांगत होतास. आणि त्याच दमात, सोमवारी पुढच्या गावी हजर व्हायचे आहे, खोली ठरली आहे, कॅडीला आगाऊ रक्कमही पोचली आहे, हेही उरकून टाकलेस. मला त्या वेळी नेमके शब्द सुचले नाहीत. कागद पुढे घेतला म्हणजे विचार नीट मांडता येतो, ही पस्तीस वर्षे दिवाणी कोर्टात शिरस्तेदारी केल्याने लागलेली सवय. म्हणून हे पत्र लिहीत आहे. सवडीने वाच, आणि पुरे वाच.

गेल्या पौषात येरवड्याच्या मैदानावर तुझा खेळ पाहायला मी आलो होतो, हे तुला आठवत असेल. पण मी काय पाहिले ते तुला मी कधी सांगितले नाही. अठराव्या होलवर चेंडू होलात ढकलण्याचा चार फुटांचा पट उरला होता. लहानपणी असला पट तू चेंडूकडे एकदा आणि होलकडे एकदा पाहून, कोणी पायरीवरून उतरावे तितक्या सहज घालीत असस. त्या दिवशी तू वाकलास, नसलेले पान हाताने बाजूला सारलेस, उभा राहिलास, पुन्हा मागे सरलास, डाव्या हाताचा अंगठा मुठीवर किंचित खाली घेतलास आणि मग पूर्ववत वर नेलास. मी दोरीपलीकडे पंधरा पावलांवर होतो, तरी तुझ्या बोटांची पेरे पांढरी पडलेली मला दिसली. चेंडू होलच्या काठाला अर्धा वळसा घालून बाहेरच थांबला. पण माझ्या मनात रुतून बसले ते त्यानंतरचे: तू चेंडूकडे पाहिलेच नाहीस, आपल्या हातांकडे पाहिलेस, जसे एखाद्या इमानी कारकुनाने प्रथमच अफरातफर केल्यावर मालक त्याच्याकडे पाहील तसे.

तेव्हापासून मी तुमच्या या खेळाविषयी जे जे हाती लागले ते वाचीत आलो आहे, आणि माझी अशी खात्री झाली आहे की इतर खेळांत माणसाला जे आपोआप मिळते ते गोल्फने हिरावून घेतले आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, त्याला उत्तर देण्यात मन गुंतून जाते, भिण्याला अवकाशच उरत नाही. तुमचा चेंडू मात्र जागच्या जागी निवांत पडून असतो आणि तुमची वाट पाहतो. चार-साडेचार तासांच्या फेरीत सत्तर फटके, एकेका फटक्याला दीड-दोन सेकंद, म्हणजे प्रत्यक्ष काम फार तर दोन-अडीच मिनिटांचे. बाकीचा सारा वेळ चालण्याचा, थांबण्याचा आणि विचार करण्याचा. त्या रिकाम्या वेळात मन काय काय आत आणून बसवते, हे कोर्टाच्या ओसरीवर निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकारांच्या चेहऱ्यांवरून मी वर्षानुवर्षे वाचीत आलो आहे. त्यात पुन्हा तुमच्या हिशेबाचा निष्ठुरपणा असा, की तीनशे यार्डांची लांबलचक झेप घेणाऱ्या फटक्याचा दाम एक, आणि वीतभर अंतरावरून चेंडू ढकलला तरी त्याचाही दाम एकच.

ऑस्ट्रेलियाच्या इयान बेकर-फिंच याची कहाणी तुला ठाऊक असेलच, तरी ती मला माझ्या पद्धतीने, तारीखवार मांडू दे. १९९१ साली इंग्लंडातील रॉयल बर्कडेल मैदानावर त्याने ओपन अजिंक्यपद मिळवले, तेव्हा तो तिशीत होता. शेवटच्या दिवशी पहिले नऊ होल त्याने २९ फटक्यांत आणि सारी फेरी ६६ फटक्यांत संपवली. एवढे यश पदरात पडल्यावर कोणीही तृप्त व्हावे. पण आपला फटका आणखी लांब गेला पाहिजे असे त्याच्या मनाने घेतले, आणि ज्या स्विंगने त्याला ओपन मिळवून दिले त्याच स्विंगची त्याने दुरुस्ती आरंभली. चार वर्षांनी, १९९५ साली, सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या टीवर तो उभा राहिला. तेथे पहिल्या आणि शेवटच्या होलचा फेअरवे एकच आहे, आणि त्याहून रुंद जागा गोल्फच्या साऱ्या विश्वात क्वचितच सापडेल. बरोबर अर्नोल्ड पामर, त्या वृद्ध वीराचे ते अखेरचे ओपन. बेकर-फिंचचा पहिलाच चेंडू तो सारा विस्तीर्ण फेअरवे ओलांडून डावीकडे थेट हद्दीबाहेर गेला.

१९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत अमेरिकी दौऱ्यावरच्या २९ स्पर्धांत त्याने नाव घातले, आणि एकाही स्पर्धेत त्याला कटपलीकडचे दोन दिवस पाहायला मिळाले नाहीत. कोठे कट चुकला, कोठे माघार, कोठे अपात्रता. विशेष हे, की सरावाच्या मैदानावर तो निर्दोष खेळे. तेथून पहिल्या टीपर्यंत चालत येईतो काहीतरी सुटून जाई. १९९७ च्या ओपनमध्ये रॉयल ट्रूनवर त्याने ९२ फटके घेतले, स्पर्धेतून नाव काढले, कपडे बदलण्याच्या खोलीत तो रडला, आणि स्पर्धांच्या गोल्फचा निरोप घेतला. पुढे दूरचित्रवाणीवरचा समालोचक म्हणून त्याने नाव मिळवले, त्याचे आयुष्य वाया गेले नाही. परंतु त्या एकोणतीस स्पर्धांचा आकडा मला रात्री झोपू देत नाही. आठव्या किंवा दहाव्या वेळी त्याचा हात धरून, बाबा रे, आता घरी चल, असे त्याला कोणी म्हटले असेल का? म्हटले असेल, आणि त्याने ऐकले नसेल. तूही कदाचित ऐकणार नाहीस, तरी म्हणणे माझ्याकडे आले आहे.

ज्यांचे हात कधी थरथरले नाहीत असे आपण समजतो, त्यांचीही दफ्तरे उघडून पाहिली तर निराळाच मजकूर निघतो. बॉबी जोन्सचे एकेका अजिंक्यपद स्पर्धेत कित्येक पौंड वजन उतरे; १९३० साली चारही मोठी अजिंक्यपदे एकाच वर्षात जिंकून त्याने अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती पत्करली. बायरन नेल्सनचे उदाहरण तर मला त्याहून जवळचे वाटते, कारण त्याच्या मनात जमीन होती. १९४५ साली त्याने अठरा स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी अकरा ओळीने. आजतागायत तो विक्रम कोणी मोडलेला नाही. पण त्या माणसाचे लक्ष टेक्ससमधल्या एका रानावर होते, आणि बक्षिसाची रक्कम त्याला एकरांच्या आणि गुरांच्या हिशेबात दिसे. रोअनोकजवळ ते रान घेऊन १९४६ साली, चौतिसाव्या वर्षी, ऐन बहरात त्याने नित्याचा दौरा सोडला. मला त्यात पळपुटेपणा दिसत नाही. आपली झीज कोठवर झाली आहे याचा पंचनामा त्याने स्वतःच केला आणि त्यावर सही केली.

आता तुमच्या काळाकडे येतो. नेल्सनला निदान थांबता आले. तुमच्या काळात थांबण्यालाच दंड झाल्याचेही घडले आहे. कोरियाच्या सुंगजे इमने अमेरिकी दौऱ्यावरच्या आपल्या पहिल्याच हंगामात, २०१८-१९ मध्ये, पस्तीस स्पर्धा खेळल्या, म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी पस्तीस. तेथे त्याचे घरही नव्हते, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात त्याचा संसार हिंडत होता. आणि रोरी मॅकिलरॉयसारख्या अग्रगण्य खेळाडूने २०२३ च्या एप्रिलमध्ये, मास्टर्सचा कट चुकल्यावर, मनाला विसावा हवा म्हणून पुढची नेमलेली स्पर्धा सोडली, तेव्हा अशी एकच स्पर्धा सोडण्याची मुभा असल्याच्या नियमावर बोट ठेवून त्याच्या बोनसातून तीस लाख डॉलर कापून घेण्यात आले. हे वाचून मला अतिशय संताप आला. ज्या व्यवस्थेला आजारी बैलालाही मोटेला जुंपल्यावाचून राहवत नव्हते, तिला खेळाची व्यवस्था म्हणावे, की खंडणीची?

तरी त्याच मॅकिलरॉयने पुढच्या वर्षी जे केले ते तू ध्यानात घे. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टवर अखेरच्या तीन होलांत त्याचे दोन लहान पट चुकले, एक अडीच फुटांचा, दुसरा चार फुटांहून कमी, आणि अजिंक्यपद एका फटक्याने गेले. दुसऱ्याच आठवड्यात मोठी स्पर्धा होती. तिच्यातून नाव काढून घेऊन तो काही आठवडे खेळापासून दूर राहिला आणि स्कॉटिश ओपनला परतला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने मास्टर्स जिंकले. तेथेही अखेरच्या होलवर त्याचा सुमारे पाच फुटांचा पट चुकला होता, हे मी मुद्दाम लिहितो. म्हणजे हात बरे झाले होते असे नव्हे, पण चुकल्यानंतर पुन्हा टीवर जाऊन जस्टिन रोझबरोबरचा जादा होल जिंकण्याइतके बळ त्याच्यापाशी शिल्लक होते. १९ वर्षांचा मुलगा असल्यापासून ज्याच्यावर जगाची नजर खिळली होती, आणि २०११ साली याच मैदानावर चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरल्यावर अखेरच्या दिवशी ज्याला ८० फटके लागले होते, तो माणूस त्या दिवशी गुडघे टेकून हिरवळीवर रडला. मी ते पहाटे जागून पाहिले, आणि मलाही रडू आवरले नाही.

तू म्हणशील, मामा, बर्नहार्ड लँगरचे काय? १९९१ च्या रायडर चषकात किआवा बेटावर सहा फुटांचा पट चुकून त्याने साऱ्या युरोपचा हिरमोड केला, आणि पुढच्याच आठवड्यात जर्मनीत जाऊन स्पर्धा जिंकली. तो कोठे घरी बसला? खरे आहे. परंतु जखम आणि झीज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लँगरला त्या दिवशी एक जखम झाली होती, ताजी आणि मोठी, आणि ताज्या जखमेवर कधीकधी काम हेच औषध असते. हात थरथरण्याची व्याधी तर त्याने त्याआधी अनेक वर्षे भोगली होती, मूठ धरण्याच्या तऱ्हा बदलून बदलून तिच्याशी समेट केला होता. तुझी गोष्ट तशी नाही. तुला कोणत्याही एका पटाने घायाळ केलेले नाही. दिग्बोईपासून चंदीगडपर्यंत, रात्रीच्या गाड्या, पहाटेची विमाने, भाड्याच्या खोल्या, असे दहा महिने चालले आहे, आणि तू झिजला आहेस. झिजलेल्या दोरीला गाठी मारून पोहरा विहिरीत सोडीत राहणे हा पराक्रम होत नाही.

खर्चाची बाब मी विसरलेलो नाही. तुम्हांला पगार नाही. प्रवेशाची फी, प्रवास, कॅडीचा मेहनताना हे सारे पदरचे, आणि कट चुकला की आठवड्याची आमदनी शून्य. म्हणून स्पर्धा सोडणे म्हणजे संधी सोडणे असे तुला वाटते, आणि तुझ्या वयाच्या मुलाला तसे वाटावे यात गैर काही नाही. पण ज्या पाच स्पर्धा तू न सोडता खेळलास त्यांचा जमाखर्च एकदा मांडून पाहा. तुझे आजोबा ओढ्याकाठचा तुकडा दर तिसऱ्या वर्षी पड टाकीत, तेव्हा गावातले लोक हळहळत. त्यांच्या वहीत मात्र त्या पड वर्षाची नोंद पेरलेल्या वर्षाच्याच शाईत असे.

कोर्टात तहकुबी मागणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, दाव्यात दम नाही म्हणून मुदत मागतो आहे असे समजतात. मी हजारो अर्ज हाताळले आहेत आणि तुला सांगतो, की त्यांतले कित्येक खरोखरच चालढकलीचे होते; पण काही अर्ज असे येत, की साक्षीदार आजारी आहे, तो उभा राहिला तर खरे असूनही त्याला ते बोलता येणार नाही. असल्या अर्जावर जाणता न्यायाधीश दोन ओळी वाचून सही करी. दावा कायम राही, तारीख पुढे जाई. तुझ्या बाबतीत तो साक्षीदार म्हणजे तुझे हात आहेत. त्यांना खेळ ठाऊक आहे. तो त्यांनी दहाव्या वर्षापासून सिद्ध केला आहे. आज त्यांना उलटतपासणी सोसवत नाही, इतकेच.

तेव्हा माझे मागणे एवढेच, की पुढच्या तीन स्पर्धांतून नाव काढून घे. खोलीची आणि कॅडीची जी रक्कम बुडेल ती मी आजच पाठवतो. ती तुझ्यावर कर्ज नाही. स्विंगची दुरुस्ती करायला कोणा नव्या गुरूकडे जाऊ नकोस, पटर बदलू नकोस, जुन्या फितीही पाहू नकोस. तुझ्या आईला मी काही कळवलेले नाही. येथे आल्यावर तूच सांग. सध्या ज्वारी गुडघ्याच्या वर आली आहे, पहाटे धुके असते, आणि विहिरीला पाणी भरपूर आहे. आगगाडीने येत असलास तर वाठारलाच उतर. फक्त कोणत्या गाडीने येतोस ते कळव, म्हणजे मी स्टेशनाच्या फाटकाशी येऊन थांबेन.

तुझा,
मामा