दादांच्या ताटात परत आलेलं अंडं

आज एक चूक कबूल करायची आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

माझे वडील, दादा, वेरूळला राहतात. वय 72. दहा वर्षांपूर्वी त्यांचं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं, तेव्हा "अंडं बंद करा" असं मीच सांगितलं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. ताटात उरली भाकरी, भाजी आणि पातळ वरण. गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा खाटेवरून उठताना दादांना दोन्ही हात टेकावे लागत होते. मांड्यांचे स्नायू उतरले होते.

त्या सुट्टीत माझ्या मुलीने स्कॉच एग केलं. उकडलेल्या अंड्याभोवती खिमा, वर चुरा. आपल्या नर्गिसी कोफ्त्याचाच हा भाऊ. फक्त तिने तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजलं. दादा म्हणाले, "अरे, तूच बंद केलं होतंस ना?"

आता हिशोब पाहा. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं. 60 ग्रॅम कोंबडीच्या खिम्यातून आणखी 12 ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला निदान 50 ग्रॅम लागतात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गरज एकाच पदार्थातून भागते. बी-12 आणि ड जीवनसत्त्व मुख्यतः बलकात असतं, म्हणून तो फेकू नका. बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल अंड्यापेक्षा तूप, डालडा, तळण यांतल्या चरबीने जास्त वाढतं. तळणीत चुरा तेल पितो. ओव्हनमध्ये चमचाभर तेल पुरतं, म्हणजे फक्त 45 कॅलरी.

काही पथ्यं मात्र पाळा. 200 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भाजा. खिमा आत गुलाबी राहता कामा नये. पावाऐवजी वाळलेल्या भाकरीचा चुरा वापरा. रक्तदाब असेल तर मीठ कमी. मधुमेह, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असेल तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

श्रावणात दादा अंड्याला हात लावत नाहीत. तेव्हा मटकीची उसळ, घट्ट वरण आणि दही असतं. सोबत रोज खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं. सगळं श्रेय अंड्याचं नाही, पण आता ते हात न टेकता उठतात. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत कोलेस्टेरॉलही वाढलेलं नव्हतं.

"बंद करा" म्हणणं सोपं असतं. त्याजागी काय खायचं, हे सांगायला मी विसरलो होतो. तुमच्या डॉक्टरांना तो प्रश्न जरूर विचारा.