देवाची वकिली

वकील आणि भक्त या दोन निराळ्या जाती आहेत, असे माझे जुने मत आहे. वकिलाला निकाल हवा असतो. भक्ताला जन्मभर तारखा पडल्या तरी चालते. पण काही माणसे दोन्ही कामे एकाच अंगरख्यात करू पाहतात, आणि मग त्यांची फार ओढाताण होते.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक ख्रिस्ती स्नेही आहेत. मी त्यांना मास्तर म्हणतो, तेही मला मास्तरच म्हणतात. नाताळात त्यांच्याकडून करंज्या येतात, दिवाळीत आमच्याकडून चकल्या जातात, आणि उरलेले वर्षभर आम्ही मोकळ्या तासाला वाद घालतो. विषय एकच : देवावरची श्रद्धा युक्तिवादाने पटवता येते का? देव नाही, असे मी कधीच म्हटलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की, मुलांचे गणित जसे पायरीपायरीने तपासता, तसे हेही तपासू द्या.

मास्तरांचा आवडता वकील म्हणजे सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल. १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करताना त्याने जुगारातल्या शक्याशक्यतेचा हिशेब मांडला. पुढे त्याच्या मृत्यूनंतर, १६७० साली, त्याची टिपणे छापली गेली. त्यांतच ती प्रसिद्ध पैज आहे. मास्तर ती फार रंगून सांगतात. देव आहे, यावर पैज लावा. तो असला तर अनंत सुख पदरात पडेल. नसला तर जाते काय? चार दिवसांची चैन!

ही पैज मला अनोळखी नव्हती. "दिवा लावायला काय जातंय? देव असला तर पावेल, नसला तर चमचाभर तेल गेलं," असे माझी आई म्हणत असे. बिचारीला पास्कलचे नावही ठाऊक नव्हते. पण पट नीट पाहा. पास्कलने त्यावर दोनच घरे आखली आहेत : एक ख्रिस्ती देवाचे, दुसरे रिकामे. हाच हिशेब एखादा इमामही आपल्या धर्मासाठी मांडू शकेल, असे पास्कलच्याच देशातल्या दिदरोने पुढच्या शतकात सुनावले. माझी आई तर तेहेतीस कोटी घरे आखून देईल! मग नाणे ठेवायचे कुठे?

दुसरी खोट याहून खोल आहे. फायदा मोठा आहे म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. सोडतीचे बक्षीस कितीही मोठे असो, तेवढ्याने माझा नंबर लागत नाही. पास्कल हे जाणून होता. त्याने पैज मांडली ती पुरावा म्हणून नव्हे, शहाणपणा म्हणून. पण हिशेब पटला म्हणून श्रद्धा कुठे जडते? त्यावरही त्याने तोड सांगितली : आधी श्रद्धावंतांसारखे वागा, पवित्र पाणी घ्या, मिस्सेला जा, हळूहळू विश्वास बसेल. बसेलही. पण सवयीने विश्वास तर कशावरही बसतो; तो खऱ्यावरच बसेल याची हमी सवय देत नाही.

इथवर आले की मास्तर दुसरा कागद पुढे करतात : प्रार्थनेच्या फळाचा. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय वाहिले जातात, आणि वाहणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. ही सारी माणसे खोटे बोलतात का? मुळीच नाही. पण फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने १६२० साली एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली होती. नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे एका माणसाला देवळात दाखवण्यात आली. आता तरी पटले ना, असे विचारताच त्याने उलट विचारले की, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? ज्याचे मागणे पुरे होते तो चारचौघांत सांगतो. ज्याचे राहते तो मुकाट्याने घरी जातो. २००६ साली अमेरिकेत हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. काही ख्रिस्ती मंडळांनी त्यांतल्या काहींसाठी प्रार्थना केली होती. त्याने त्यांचे दुखणे इतरांपेक्षा कमी झालेले दिसले नाही.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या पत्नी फार आजारी पडल्या. एका रात्री मी त्यांच्याबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसून होतो. त्या रात्री त्यांनी पास्कलचे नाव काढले नाही, आणि माझ्याही तोंडी बेकन आला नाही. ते डोळे मिटून ओठ हलवीत होते. पहाटे धोका टळल्याचे कळले. आता मास्तर म्हणणार, "पाहिलंत?" असे मला वाटले. ते म्हणाले, "मास्तर, शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिचा नवराही रात्रभर प्रार्थनाच करीत होता. आता पुरावा म्हणून मी हिचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?"

मी विचारले, "मग प्रार्थना कशाला केलीत?"

"एकट्याला बसवेना म्हणून."

या उत्तरात मला एकही खोट सापडली नाही. तो युक्तिवादच नव्हता.

आमचे वाद त्यानंतर थांबले असे मात्र नाही. परवाच मी त्यांना अकराव्या शतकातली एक हकिगत सांगितली. अँसेल्म नावाच्या मठवासी साधूने देवाचे अस्तित्व नुसत्या कल्पनेतून सिद्ध केले. ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही तो देव. मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणे मोठे. म्हणून देव प्रत्यक्षात असलाच पाहिजे! यावर गोनिलो या दुसऱ्या साधूने लिहिले की, असे असेल तर सर्वांत उत्तम असे एक बेटही समुद्रात कुठेतरी असलेच पाहिजे. गोनिलो काही नास्तिक नव्हता. तोही ख्रिस्ताचाच भक्त. अँसेल्मने त्याला उत्तर दिले, पण रागावला नाही. उलट, यापुढे आपल्या ग्रंथाच्या नकला करताना गोनिलोचा आक्षेपही सोबत उतरून घ्यावा, असे त्याने सांगितले.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असा वकील असेल तर देवालाही चालेल."

येत्या नाताळात करंज्यांबरोबर नवा पुरावा आणण्याचे त्यांनी कबूल केले आहे. मी माझी लाल पेन्सिल तासून ठेवली आहे.