लुव्रमधला हमाम

पुणे

चि. मुक्ता,


लुव्रमधल्या त्या गोल चित्राचा फोटो मिळाला. खाली तू विचारलंयस, 'आत्या, तुर्कस्तानात खरंच असं असायचं का गं?' फोनवर सांगायला गेले तर 'हो, हो' करून ठेवून देशील, म्हणून हे पत्र.

चित्र फ्रेंच चित्रकार अँग्रचं, 'तुर्की हमाम' (साबण नव्हे, स्नानगृह!). त्यावर १८६२ साल आणि स्वतःचं वय, ८२, त्यानं दिमाखात घातलंय. आणि हा गृहस्थ पूर्वेला इटलीच्या पुढे कधी गेलाच नाही! त्याला हमाम सापडला तो एका बाईच्या पत्रात. इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यू १७१७ साली नवऱ्याबरोबर इस्तंबूलला चालली होती. वाटेत सोफिया शहरात ती बायकांच्या हमामात गेली आणि सगळं पत्रात लिहून ठेवलं. तिच्या पत्रांतले उतारे अँग्रनं वहीत उतरवून घेतले होते.

आता ती काय लिहिते ते ऐक. ती गेली घोडेस्वारीच्या पोशाखात. आत दोनेकशे बायका, पण तिच्या अवताराला एकही हसली नाही. कुणी कॉफी पितंय, कुणी वेण्या घालून घेतंय, गावभरच्या बातम्या चालल्यात. तिला ते बायकांचं कॉफीहाऊस वाटलं. आपण पाणवठा म्हटलं असतं. 'तूही कपडे काढ' म्हणून त्या मागे लागल्या, तेव्हा तिनं सदरा उघडून आतली करकचून बांधलेली कॉर्सेट दाखवली. त्यांना वाटलं, नवऱ्यानंच हिला या सापळ्यात कोंडून ठेवलंय!

अँग्रनं नेमकं हेच गाळलं. कॉर्सेट नाही, लेडी मेरी नाही. आहेत त्या सुस्तावलेल्या, एकमेकींवर रेललेल्या बायका. रेषा मात्र अशा, की राग धरून बसवत नाही.

चित्र आधी चौकोनी होतं. प्रिन्स नेपोलियननं घेतलं, पण बायकोला ते अशोभनीय वाटलं, म्हणून परत आलं. मग अँग्रनं ते गोल केलं. पुढे पॅरिसमध्ये विकत घेतलं कुणी, तर उस्मानी साम्राज्याचा माजी राजदूत खलील बे यानं! तुझा प्रश्न खरं तर त्यालाच विचारायला हवा होता.

आणि पुढे पाठमोरी बसून वाद्य वाजवणारी बाई आहे ना, तिची पाठ अँग्रनं १८०८ मध्येच रंगवली होती, रोममध्ये असताना. तेही चित्र लुव्रमध्येच आहे. पुढच्या वेळी गेलीस की त्या पाठीचा फोटो पाठव.

तुझी,
आत्या