रुमालाखालचे भाव

हत्त्याचा सौदा मी पाहिलेला नाही, फक्त ऐकला आहे. जुन्या बाजारांत आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत. हातांवर रुमाल किंवा उपरण्याचं टोक पडे आणि आत बोटं बोटांशी बोलत. चेहरे कोरे. एकानं दाबलेलं बोट दुसऱ्यानं झिडकारायचं, पुन्हा धरायचं. रुमाल उचलला की भाव ठरलेला. कोण किती चढलं, कोण किती उतरलं, आधी कुणी सोडलं, हे त्या दोघांनाच ठाऊक. ज्याचा माल, तो शेतकरी मात्र हातभर अंतरावर उभा राहून रुमालाकडे बघत असे. म्हणून बाजाराच्या कायद्यानं ही पद्धत बंद केली आणि लिलाव उघड्यावर आणला.

मतांच्या बाबतीत आपला व्यवहार अजून हत्त्यावरच चालतो, असं मला वाटतं. मत कधीच बदललं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, पण ते बदलायचं रुमालाखाली. पुतणीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून मांडवात न आलेले एक काका मला माहीत आहेत. आता दर वैशाखात ते मार्केट यार्डात स्वतः जाऊन, फळ विभागात चार गाळे फिरून, त्या जावयासाठी हापूसची पेटी निवडतात. मधल्या वर्षांत त्यांच्या मनात काय घडलं, ते कुणाला कळलेलं नाही. पुतणी आंबे खाते, शेजारी वाटते, फोन करून गोड होते म्हणून सांगते. तिला जे एक वाक्य ऐकायचं आहे, ते पेटीत नसतं. काकांचं मत बदललं हे खरं. पण पुतणीच्या हातात आंब्यांपलीकडे काही आलं नाही. पुण्यात एकदा लावलेली पाटीसुद्धा कुणी पुसत नाही, बोललेलं कोण पुसणार!

मत उघड्यावर बदलताना बघायचं, तर रविवारी पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीला जावं. शनिवारच्या सुट्टीनंतर आवक अंगावर येते. टेम्पो, हातगाड्या, पालेभाजीच्या जुड्या, ‘बाजू, बाजू’चा घोष. एकदा पुरंदरहून सीताफळं घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं आणि आडत्याचं जुंपलेलं पाहिलं. ‘तुम्ही भाव पाडता’ हे एकाचं. ‘तुम्ही वर मोठं भरता, खाली बारीक’ हे दुसऱ्याचं. शेवटी क्रेट तिथंच पालथं केलं. खाली बारीक फळं होती, पण आडत्यानं सांगितली तेवढी नव्हती. शेतकरी म्हणाला, ‘घरच्यांनी भरलं, मी बघितलं नाही.’ आडत्या म्हणाला, ‘मग मीबी जरा जास्तच बोललो, शेठ.’ चारचौघांत, हमालांच्या देखत. भाव थोडा वर गेला आणि क्रेट पुन्हा भरताना दोघांचे हात लागले. एरवी आडत्याला शेठ म्हणायची रीत. त्या सकाळी ती उलटी फिरली.

या यार्डात हमालीचा इतिहास मात्र एवढ्या गोडीनं उलगडलेला नाही. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला तेव्हा ना नोकरी होती, ना रजा, ना म्हातारपणची सोय. पोतं त्याचं त्याला उचलून घेताही येत नसे. पाठीवर चढवायला आणखी दोघं लागत. व्यापाऱ्याचं म्हणणं असे, की हा माझा नोकर नाही, आज माझ्याकडे, उद्या शेजारच्या गाळ्यावर. ते अगदी खोटंही नव्हतं, आणि तिथंच सगळा घोळ होता. डॉ. बाबा आढाव डॉक्टरकी करता करता १९५०च्या दशकात हमालांच्या संघटनेत आले, हमाल पंचायत उभी राहिली, आणि पुढे डॉक्टरकीच मागे पडली. संप झाले, मोर्चे झाले. मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडींसाठी झगडत होते. त्या सगळ्या रेट्यातून १९६९चा माथाडी कायदा आला.

या कायद्यात मला आवडते ती त्यातली बैठक. हमाल कुणा एकाचा नोकर नाही, हे व्यापाऱ्याचं म्हणणं त्यानं खोडून काढलं नाही. ते धरूनच वाट काढली. हमाली आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्यानं माथाडी मंडळात भरायची. पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मंडळानं बघायची. त्या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, शिवाय सरकारचे. काल ज्याच्या गाळ्यापुढे घोषणा दिल्या, त्याच्याच शेजारी बसून हिशेब बघायचा. हृदयपरिवर्तन वगैरे गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. शेजारी शेजारी मांडलेल्या खुर्च्यांवर आहे.

मतभेद यानं संपले असं कुणी समजू नये. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाणारी आडत, म्हणजे आडत्याची दलाली, २०१६ साली खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा आडत्यांनी बाजार बंद ठेवले. आता धंदा बसतो असंच बोललं जात होतं. बाजार आजही भरतो. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून तोलणाऱ्याला तोलाई कशासाठी द्यायची, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे. काटा माल स्वतः उचलून ठेवत नाही, हे तोलणाऱ्यांचं उत्तर. मला दोन्ही पटतं, आणि दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज होतात.

हमाल पंचायतीनं १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचं केंद्र सुरू केलं, ना नफा ना तोटा. याच यार्डातलं व्यापाऱ्यांचं पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत लाडू-चिवडा विकतं, तोही ना नफा ना तोटा. हे शब्द कुणी कुणाकडून घेतले, याचा शोध लावायच्या भानगडीत मी पडत नाही. रांगेत मात्र दोन्ही ठिकाणी उभा राहतो.

२०२५च्या डिसेंबरात बाबा गेले, पंचाण्णवाव्या वर्षी. हमालीच्या दराचे करार त्यांच्या हयातीतही मुदतीचे होते, पुढेही मुदतीचेच राहतील. मुदत संपली की दोन्ही बाजू पुन्हा बसतात, आधी आपापला आकडा ताणतात, मग सोडतात, आणि खाली दोघांच्या सह्या होतात. आधीच्या वेळी तुम्ही असं म्हणाला नव्हता, असं तिथं कुणी कुणाला ऐकवलं, तर सरळ उत्तर मिळतं: ‘तेव्हा डिझेल काय भावानं होतं?’