शाखेतलं नेट बंद करताना

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या नागरी सहकारी बँकेचा आयटी विभाग सांभाळत होतो. शनिवारी, ११ तारखेला, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. सोमवारी स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे काढले गेल्याचं तपासात पुढे आलं आणि आमचे संचालक हादरले.

त्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न होता, खात्यात पैसे नसताना मशीन देतंच कसं? कार्ड घातल्यावर शिल्लक विचारणारा निरोप बँकेच्या यंत्रणेपर्यंत जायला हवा. इथे हल्लेखोरांनी वाटेतच बनावट स्विच उभा केला होता आणि तोच परस्पर मंजुरी देत होता. मूळ यंत्रणेला कुणी काही विचारलंच नाही.

चेअरमन साहेबांनी मला बोलावून विचारलं, "आपल्याकडं असं होईल का?" मी होय म्हणालो. आमच्या शाखांमध्ये ज्या पीसीवर सीबीएस, म्हणजे खात्यांचे सगळे व्यवहार चालवणारं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर, उघडायचं त्याच पीसीवर ईमेल आणि व्हॉट्सअॅप वेबही चालायचं. बिल म्हणून आलेली एखादी फाइल कुणी उघडली की आतला प्रोग्रॅम नेटवरून आपल्या मालकाशी संपर्क साधतो, पुढचे हुकूम घेतो आणि एका पीसीवरून दुसऱ्यावर सरकत सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. त्या पीसीला बाहेरची वाटच नसेल, तर हा संपर्क तुटतो. १९ ऑक्टोबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेचं नागरी बँकांसाठीचं परिपत्रक आलं. शाखेत नेट वापरायचंच असेल तर ते ठरावीक, स्वतंत्र संगणकावर. रोजच्या कामाच्या यंत्रणेपासून पूर्ण वेगळं, असं त्यात सांगितलं होतं.

फायरवॉलवर नियम टाकून नेट बंद करणं सोपं होतं. त्याआधी मी शाखाशाखांत जाऊन काउंटरमागे बसलो, कोण कशासाठी नेट उघडतं ते पाहत. करमणुकीसाठी फार कमी. सकाळी सोनेतारणासाठी सोन्याचा भाव बघायचा. चालू खातं उघडताना जीएसटी नंबर तपासायचा. आणि महिन्याच्या सुरुवातीला सूतगिरणीच्या कामगारांच्या पगाराची यादी यायची, ती थेट क्लार्कच्या मेलवर. त्या क्लार्क मॅडम मला म्हणाल्या, "सर, नेट बंद केलंत तर ही सगळी नावं मी हातानं टाईप करायची का? एक आकडा चुकला तर एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जाईल." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. सुरक्षेच्या बैठकांमध्ये हा आवाज कधी ऐकू येत नाही, आणि यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

नेट बंद झालं आणि काही दिवसांतच एका शाखेत कामाच्या पीसीला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडलेला सापडला. आरटीजीएसची वेळ संपत आली होती, यादी मेलवर अडकली होती, ग्राहक समोर उभा होता. शाखाधिकाऱ्यांनी काम निभावून नेलं होतं. पण हॉटस्पॉटवरून जाणारं काहीच आमच्या फायरवॉलमधून जात नाही. म्हणजे बंदी घालण्याआधी निदान नजर तरी होती, आता तीही गेली. त्यांच्यावर मेमो काढा असं वरून सुचवलं गेलं. मी ठाम नकार दिला. मेमो निघाला असता तर पुढचा हॉटस्पॉट कुणी माझ्या नजरेस पडू दिला नसता.

त्याऐवजी प्रत्येक शाखेत वेगळ्या ब्रॉडबँडवर एक 'नेटचा पीसी' ठेवला. पगाराची यादी मुख्य कार्यालयाच्या मेलवर येऊ लागली. तिथे ती तपासून, एक्सेलमधले मॅक्रो गाळून, साध्या सीएसव्ही फाइलमध्ये शाखेच्या फोल्डरला जायची. सोन्याचा भाव आम्हीच सकाळी आतल्या नेटवर्कवर पाठवायचो. हे सुरळीत झाल्यावरच यूएसबी पोर्ट आणि वायफाय बंद केले. कुणी तक्रार केली नाही.

संचालकांपैकी काहींना मात्र आपल्या केबिनमधलं नेट हवं होतं. त्यांना मी सिंगापूरचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारने २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कामाच्या संगणकांवरून नेट वेगळं केलं. पण सिंगहेल्थ या सरकारी रुग्णालय समूहात तेव्हा ते झालं नव्हतं. २०१८ मध्ये तिथून सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात खुद्द पंतप्रधानांचीही होती. चेअरमन साहेबांनी सगळ्यांत आधी स्वतःच्या केबिनमधली जोडणी काढायला लावली.

एक काम राहिलं होतं, आणि ते सगळ्यात चिवट. सीबीएस पुरवणाऱ्या कंपनीचे लोक दुरुस्तीसाठी बाहेरून थेट सर्व्हरवर यायचे. ती वाट चोवीस तास उघडी असायची. आता त्यांचा फोन आला की कोण आहे याची खात्री करून आम्ही ती उघडतो, काम होईपर्यंत स्क्रीनसमोर बसतो आणि लगेच बंद करतो. रात्री सीबीएस अडलं तर माझ्या सहकाऱ्याला घरातून उठून यावं लागतं. त्याचा जादा भत्ता मंजूर करून घेण्यासाठी मी अजून भांडतो आहे.