मार्सेल्स ते अथेन्स : एका संथ सफरीची आंखणी

तीन वर्षांपूर्वीं आमचे दादा व वहिनी युरोपची सफर करून आले. अकरा दिवसांत सात देश! परत आल्यावर शेजारीपाजारी जमले, छायाचित्रें पाहून झालीं, आणि कोणीसें वहिनींना विचारलें, "काय काय पाहिलेंत?" वहिनी किंचित् विचार करून म्हणाल्या, "बस पाहिली. फार उंच पायरी होती तिची." सारी मंडळी हसली, दादा मात्र हसले नाहींत. दादांचें वय आज ७६, वहिनींचें ७१. जन्म रेल्वेच्या नोकरींत घालविलेल्या माणसाला सात देश हिंडूनहि तेथील आगगाडींत एकदां बसतां आलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. गेल्या दिवाळींत त्यांनीं आपला विचार बोलून दाखविला. "पुन्हां एकदां जावयाचें. आतां बस नको, विमानहि जाण्यायेण्यापुरतेंच. आगगाडीनें आणि बोटीनें जाऊं. आणि त्या मेसीनाला आगगाडीच बोटींत चढते म्हणतात, ती मला पाहावयाची आहे." या वयांत 'पुन्हां एकदां' याचा अर्थ काय तो घरांतील सर्वांना समजला. यांतील बराचसा मार्ग मीं पूर्वीं एकट्यानें केलेला असल्यामुळें आंखणीचें काम मजकडे आलें. पुष्कळ घरांतून असे दादा व अशा वहिनी असतील, म्हणून ती येथें देत आहें.

आमच्या पुतण्यानें प्रथम एक यादी करून दिली होती. तींत चौदा शहरें एकवीस दिवसांत बसविलेलीं होतीं. त्याचा हिशेब खोटा नव्हता. तिकडच्या आगगाड्या खरोखरच तशा धांवतात. पॅरिसहून मार्सेल्सला, म्हणजे सुमारें साडेसातशें किलोमीटर, सव्वातीन तासांच्या आसपास जातां येतें. पण गाडी सुटल्यापासून ती पोंचेपर्यंतचाच वेळ त्यानें धरला होता. पेट्या खालीं आणणें, फलाट शोधणें, चुकीच्या फलाटावरून योग्य फलाटावर जाणें, आणि नव्या गांवीं पोंचल्यावर दुपारपर्यंत खोली मिळत नाहीं म्हणून पेट्यांवर बसून राहणें, हा वेळ कोणत्याहि वेळापत्रकांत छापलेला नसतो. आणि वडील माणसांचा प्रवास म्हणजे मुख्यतः तोच. म्हणून मीं गाडीच्या वेगाऐवजीं वहिनींच्या गुडघ्यांचें माप घेतलें. एका मुक्कामीं शक्यतों तीन रात्रींपेक्षां कमी राहावयाचें नाहीं; प्रवासाच्या दिवशीं दुसरें कांहीं पाहावयाचें नाहीं; बिऱ्हाड स्टेशनपासून पायीं दहा मिनिटांच्या आंत असावें, मग दोन पैसे अधिक पडले तरी चालतील. चौदा शहरांचीं आठ राहिलीं आणि तीन आठवड्यांचा महिना झाला. पुतण्या अद्यापि नाराज आहे.

ऋतु ठरवितांना सप्टेंबर मला फार पसंत होता. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, समुद्र उबदार असतो. पण गौरी-गणपति सोडून परदेशीं राहण्याची सूचना आमच्या घरांत करण्याचें धैर्य मला झालें नाहीं. ऑगस्टचा विचारच नको. १५ ऑगस्टच्या सणाच्या सुमारास सारी इटली समुद्रकांठीं लोटलेली असते. राहिला मे महिना, तोच ठरला.

परवान्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. फ्रान्स, इटली व ग्रीस हे तिन्ही देश शेंगेन करारांतले असल्यामुळें एकच व्हिसा पुरतो, व १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहतां येतें. अर्ज करावयाचा तो जेथें सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे, म्हणजे आमच्या बाबतींत इटलीकडे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. येथें एक अडचण आहे. संथ सफरीचा आनंद असा कीं, आवडलें तेथें दोन दिवस अधिक राहावें. पण परवाना देणाऱ्याला तर प्रत्येक रात्र कोठें काढणार तें आधींच लेखीं हवें असतें. यावर तोड एवढीच कीं, रद्द करतां येतील अशाच खोल्या घ्याव्या, आणि होईल तितका प्रवास साध्या, गांवोगांवच्या गाड्यांनीं करावा. इटलींत या गाड्यांचें भाडें ठरलेलें असतें, आगाऊ जागा राखावी लागत नाहीं. परदेशीयांसाठीं रेल्वेचा पास मिळतो तो मीं मुद्दामच घेतला नाहीं. पास घेतला कीं तो वसूल करण्यासाठीं माणूस हिंडूं लागतो.

मार्सेल्सपासून आरंभ कां, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको. ८ जुलै १९१० रोजीं 'मोरिया' बोटीच्या गवाक्षांतून सावरकरांनीं उडी टाकली ती याच बंदरांत. फ्रेंच भूमीवर पोंचूनहि त्यांना परत इंग्रजांच्या पहाऱ्यांत देण्यांत आलें. प्रकरण हेगच्या लवादापुढें गेलें, आणि फेब्रुवारी १९११ मध्यें निकाल इंग्रजांच्या बाजूनें लागला. आज तें बंदर पुष्कळच बदललें आहे. दादांना तेथें सकाळचा एक तास धक्क्यावर उभें राहावयाचें आहे, इतकेंच. सें-शार्ल स्टेशनाबाहेर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे. त्याच्या पायथ्याशीं आशिया व आफ्रिका येथील फ्रेंच वसाहतींचीं शिल्पें आहेत. साम्राज्याचा डौल दगडांत कोरून ठेवण्याची हौस एकट्या इंग्रजांनाच होती असें नाहीं. वहिनींना हा जिना उतरण्याचें कारण नाहीं. स्टेशनांतूनच भुयारी रेल्वेकडे जातां येतें.

पुढें नीस. नीसहून इटलीच्या हद्दीवरील व्हेंतिमील्यापर्यंतचा तासाभराचा प्रवास उजवीकडील खिडकीशीं बसून करावा. कड्याखालीं समुद्र, मध्येंच विल्फ्रांशचा उपसागर, डोंगराच्या पोटांतलें मोनाकोचें स्टेशन, मग मांतोंच्या लिंबांच्या बागा! हद्दीवर गाडी बदलावी लागते. तेथून जिनोआच्या दिशेस मात्र जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबूं नये. पूर्वीं रूळ अगदीं लाटांच्या कडेनें जात असत. त्यांतील मोठा भाग २००१ व २०१६ सालीं आंत डोंगरांतील बोगद्यांत नेण्यांत आला, आणि जुन्या मार्गावर आतां सायकली फिरतात. दादा म्हणतील, रेल्वेच्या दृष्टीनें सुधारणा झाली. मी खिडकीशीं बसून अंधार पाहिलेला माणूस आहें. माझें मत निराळें आहे.

जिनोआच्या पलीकडे लेव्हांतो नांवाच्या लहान गांवीं चार रात्री धरल्या आहेत. येथून 'चिंक्वे तेर्रे' म्हणजे पांच गांवें कांहीं मिनिटांच्या अंतरावर आहेत. १८७४ सालीं पुरा झालेला हा लोहमार्ग बहुतेक बोगद्यांतूनच जातो. दोन बोगद्यांमध्यें क्षणभर समुद्र चमकतो आणि पुन्हां काळोख होतो. खंडाळ्याच्या घाटांत लहानपणीं डोळे लावून बसलेल्यांना हा खेळ नवा नाहीं. पांचांपैकीं कोर्नील्या हें गांव उंच कड्यावर आहे, स्टेशन खालीं आहे, आणि मध्यें पावणेचारशेंवर पायऱ्या आहेत. लहानशी बस वर जाते. ती चुकली तर कोर्नील्या खालूनच पाहावें.

खाण्याची चिंता आपल्या घरांतून प्रथम विचारली जाते. या किनाऱ्यावर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहींत. हरभऱ्याच्या डाळीचें पीठ, पाणी व ऑलिव्हचें तेल यांचा पोळा भट्टींत भाजून देतात. नीसला त्यास 'सोक्का' म्हणतात, जिनोआकडे 'फारिनाता'. मीं तो पहिल्यानें खाल्ला तेव्हां आईच्या धिरड्यांची आठवण झाली. फक्त मिरची नव्हती. दक्षिणेकडे, बारीच्या जुन्या वस्तींत, बायका दारांत पाट घेऊन 'ओरेक्येत्ते' म्हणजे 'कानुले' करीत बसतात. रवाळ गव्हाचें पीठ व पाणी, अंडें नाहीं. सुरीनें तुकडा ओढून अंगठ्यावर उलटला कीं झाला कान. लाकडी चौकटीवर तीं वाळत घातलेलीं पाहून आपल्याकडच्या नखुल्या, मालत्या, गव्हले आठवल्यावांचून राहात नाहींत. वहिनींना या प्रवासांत सर्वांत अधिक उत्सुकता कशाची असेल तर ह्या बायकांची. "त्यांना माझे गव्हले दाखवीन," असें त्या आतांच म्हणूं लागल्या आहेत. सामानांत एक पुडी जाणार हें निश्चित. ग्रीसमध्यें उपासाचे पदार्थ वेगळे मिळतात; त्यांत मांस, दूध, अंडें नसतें; परंतु कालवें व शिंपल्यांतील प्राणी त्यांच्या उपासाला चालतात, हें ध्यानांत ठेवून विचारावें.

रोमला तीनच रात्री दिल्याबद्दल आमच्या आप्तांनीं मला पुष्कळ बोल लावले. रोमला तीन दिवस कमी हें मला मान्य आहे, पण तेरा दिवसहि कमीच. त्यांतून वांचलेले दिवस मीं दक्षिणेला दिले. नेपल्सजवळ १८३९ सालीं इटलींतील पहिली आगगाडी पोर्तिचीपर्यंत धांवली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणें गाडीच्या आधीं चौदा वर्षें. त्याच मार्गावर पिएत्रार्सा येथें समुद्रकांठच्या जुन्या एंजिन-कारखान्यांत रेल्वेचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. पाँपेईला अर्धा दिवस आणि पिएत्रार्साला सबंध दिवस ही वांटणी विद्वानांना रुचणार नाहीं. दादांना रुचली.

आतां मेसीना. नेपल्सहून पालेर्मोची गाडी घेतली कीं प्रवास नऊ-दहा तासांचा आहे. सबंध आंखणींत एवढा एकच दिवस लांबलचक ठेवला आहे. किनाऱ्याकिनाऱ्यानें गाडी इटलीच्या टांचेपुढून पायाच्या चवड्यापर्यंत येते आणि व्हिल्ला सान जोव्हान्नी येथें थांबते. मग गाडीचे तुकडे होतात. एकेक तुकडा हळूहळू बोटीच्या पोटांतील रुळांवर ढकलला जातो. साखळदंडांचा खणखणाट होतो. उजेड जाऊन डब्यांत अंधुक पिवळा प्रकाश उरतो. पूर्वीं मी डब्यांतून उतरून अरुंद जिन्यानें वर डेकवर गेलों होतों. समोर सिसिलीचे डोंगर, मागें इटलीचे, मध्यें कांहीं ठिकाणीं तीनच किलोमीटर पाणी! ग्रीक कवीनें येथेंच सहा तोंडांची राक्षसीण व पाणी गिळणारा भोंवरा बसविला. खरा अनर्थ झाला तो २८ डिसेंबर १९०८ रोजीं. भूकंपानें व त्यामागून आलेल्या लाटांनीं मेसीना शहर जवळजवळ नाहींसें झालें. पुलाच्या योजना कित्येक दशकें चालू आहेत, पूल अद्यापि झालेला नाहीं. झाला तर दोन तास वांचतील आणि दादांना पाहण्यासारखें तेथें कांहीं उरणार नाहीं. डेकवर तळलेले भाताचे गोळे मिळतात. त्यांत बहुधा खिमा असतो, एवढी सूचना देऊन ठेवतों.

पालेर्मोहून परत आगगाडीनें यावयाचें नाहीं. रात्रीं बोट निघते आणि सकाळीं नेपल्सच्या उपसागरांत व्हेसूव्हियसच्या समोर आणून सोडते. म्हणून मोठ्या पेट्या नेपल्सच्या बिऱ्हाडींच ठेवून सिसिलीला हातपिशवीवर जावें; परत आल्यावर तेथेंच दोन रात्री विश्रांति आहे. बोटीवर खुर्चीची जागा स्वस्त पडते, तरीहि वयस्कांनीं खोलीच घ्यावी. खुर्चीवर रात्र काढून वांचविलेले पैसे दुसऱ्या दिवशीं औषधांत जातात.

मग कासेर्ताला गाडी बदलून बारी. तेथून तासा-सव्वातासावर ब्रिंदिसी आहे, तें एका दिवसांत पाहून येतां येतें. रोमहून येणाऱ्या अॅपियन मार्गाचा शेवट दाखविणारा प्राचीन स्तंभ बंदरावरील पायऱ्यांच्या माथ्यावर उभा आहे. आपल्या दृष्टीनें या बंदराचें महत्त्व दुसरेंच आहे. १८७० पासून कित्येक वर्षें विलायतेहून मुंबईस येणारी टपाल आगगाडीनें येथवर येऊन बोटीवर चढत असे. जुन्या लिफाफ्यांवर 'व्हाया ब्रिंदिसी' असें लिहिलेलें आढळतें. आणि डिसेंबर १९३१ मध्यें गोलमेज परिषद आटोपून गांधीजी 'पिल्स्ना' बोटीवर चढले तेहि येथेंच. त्यानंतर पंधरा दिवसांनीं मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि पुढच्याच आठवड्यांत तुरुंगांत गेले.

बारीहून संध्याकाळीं निघालेली बोट दुसऱ्या दिवशीं दुपारच्या सुमारास ग्रीसमध्यें पात्रासला लागते. घड्याळ एक तास पुढें करावें. तेथून थोडें बसनें व मग आगगाडीनें अथेन्स. वाटेंत कोरिंथचा कालवा येतो. १८९३ सालीं उघडलेला, सुमारें सहा किलोमीटर लांब, आणि इतका अरुंद कीं गाडींतून तो एका श्वासांत येतो व जातो. कोणीं तरी आधीं सांगून ठेवावें लागतें. नाहीं तर त्याच क्षणीं आपण पाण्याची बाटली शोधत असतों. अथेन्सविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहीत नाहीं.

गेल्या रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर ही सारी आंखणी मीं वाचून दाखविली. दादांनीं गाड्यांच्या वेळा दोनदां विचारून घेतल्या. पुतण्यानें अॅमस्टरडॅम कां नाहीं म्हणून विचारलें. वहिनी सुपारी कातरीत स्वस्थ ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीं मार्सेल्सच्या पायऱ्या सांगितल्यात, त्या कड्यावरच्या गांवाच्याहि सांगितल्यात. बोटींत डब्यांतून डेकवर जावयाचा जिना किती पायऱ्यांचा आहे?"

मीं तो मोजला नव्हता. तसें सांगितल्यावर त्यांनीं अडकित्ता खालीं ठेवला व दादांकडे पाहून म्हणाल्या, "मग मी मोजीन. तुम्ही पुढें व्हा, मी मागून दोनदां टेकून येईन. पण ती साखळदंडांची गंमत संपेपर्यंत डेकवर जाऊं नका म्हणजे झालें."